शेजारची वीणा

गाव सोडून गेलेल्या माणसाबद्दल लोक चांगलंच बोलतात. विशालम्मा बेळगाव सोडून गेल्या त्याला पुष्कळ वर्षं झाली, पण आमच्या टिळकवाडीच्या गल्लीत त्यांच्याबद्दल एक वाकडा शब्द बोलणारं माणूस मला अजून भेटायचंय. ते काम मग माझ्या एकटीवर येऊन पडलं. मी त्यांची सख्खी शेजारीण. दोन घरांच्या मधे कमरेइतकी भिंत आणि तिच्यावर चढलेला जाईचा वेल, एवढाच काय तो आडोसा. त्या होत्या तितकी वर्षं मला त्या बाईचा मत्सर वाटला, आणि खरं सांगायचं तर अजूनही वाटतो. वय झालं की असल्या गोष्टी निवतात म्हणतात. माझं वय झालं, पण निवलेलं काही दिसत नाही.

त्या येण्याआधी 'गाण्याच्या बाई' म्हणजे मी. टांगेवाल्यालासुद्धा नुसतं तेवढं सांगितलं तरी तो माझ्या दारात आणून सोडायचा. माझं माहेर निपाणीचं. लग्नाआधी तिथं गाणं शिकले, पेटी शिकले, आणि लग्न होऊन टिळकवाडीत आल्यावर घरातच मुलींचा वर्ग काढला. संध्याकाळी व्हरांड्यात सतरंजी पडायची, पेटी बाहेर यायची आणि गल्लीतल्या मुली ओळीनं बसून सरगम म्हणायच्या. त्यांत माझी मीना. एकुलती एक. तिचा गळा माझ्यापेक्षा चांगला होता, हे ती पाळण्यात रडायची तेव्हाच मी ओळखलं होतं. तिनं माझ्याकडनं गाणं घ्यावं आणि माझ्यापुढं जावं, एवढीच माझी इच्छा होती. त्यासाठी मी दुसरं काही मागितलं नव्हतं.

आणीबाणी उठली त्या वर्षी शेजारच्या बंगलीत टेलिफोन खात्यातले एक साहेब म्हैसूरहून बदलून आले. सामानाचा ट्रक दारात लागला. हमालांनी कपाट, पलंग, पिंपं भराभर उतरवली आणि शेवटी एक लांबलचक लाकडी पेटारा निघाला. तो उतरवताना साहेबांची बायको स्वतः पुढं झाली. सावळी, सडपातळ, दोन्ही नाकपुड्यांत चमक्या, केसांत अबोली. आमच्या आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, भिंतीला टेकून हे सगळं बघत होत्या. त्या मूळच्या नंदगडच्या, शेतकरी घरातल्या. मनात आलेलं ओठावर यायला त्यांना वेळ लागत नसे.

"ह्यात काय हाय ओ? पाळना हाय जनू," त्या म्हणाल्या.

विशालम्मांनी पेटाऱ्यावर हात ठेवला, हसल्या, आणि हळूच म्हणाल्या, "मलगिद्दाळे."

झोपली आहे, असा त्याचा अर्थ. आत्याबाईंना कानडी येत होतं. त्या सटकन चार पावलं मागं सरल्या आणि हमालाला म्हणाल्या, "हळू रं, लेकरू हाय आत." वीणा आहे हे कळल्यावरसुद्धा त्यांना आपलं काही चुकलं असं वाटलं नाही. विशालम्मा त्या वीणेबद्दल कायम तशाच बोलायच्या. वाजवून झालं की तिला चटईवर आडवी करायची, वर जुन्या रेशमी साडीची घडी पांघरायची, आणि मग घरात कुणी मोठ्यानं बोललं तर ओठावर बोट. तिच्या डोक्यावरनं कुणी ओलांडून जायचं नाही. चुकून पाय लागला तर वाकून नमस्कार करायचा. त्यांचे यजमान एवढे मोठे साहेब, पण त्यांनाही मी ऑफिसच्या बुटांसकट दारात उभं राहून वीणेला हात जोडताना पाहिलंय.

त्यांचं वाजवणं सकाळी. न्हाऊन, ओल्या केसांना गाठ मारून त्या पुढच्या खोलीत मांडी घालून बसायच्या. वीणेचा मोठा भोपळा उजवीकडे जमिनीवर, लहान भोपळा डाव्या मांडीवर, आणि टोकाला कोरलेलं सोनेरी सिंहासारखं तोंड खिडकीकडे. बाजूला खोबरेल तेलाची वाटी आणि तिच्यात कापसाचा बोळा. डाव्या हाताची दोन बोटं त्या बोळ्यावर टेकवायची आणि तारेवर ठेवायची. दांडीवरच्या एकाच पितळी पडद्यावर तार आडवी ओढून त्या तीन-तीन सूर काढायच्या. सूर एका जागी उभा राहायचाच नाही. झुलायचा, खाली वाकायचा, परत जागेवर यायचा. उजव्या हाताची करंगळी मधूनमधून कडेच्या तारांवर ताल देत राहायची, बाकीच्या हाताशी जणू तिचं काही देणंघेणं नव्हतं. मी हे सगळं इतकं बारकाईनं सांगतेय, कारण मी रोज बघत होते. जाईची फुलं तोडायला मला त्याच वेळी सुचायचं.

खिडकी त्या कधी लावत नसत. गल्लीतल्या कुणी कौतुक केलं तर लाजत नसत आणि फुगतही नसत. "हां, आज ती चांगली बोलली," म्हणायच्या, म्हणजे वीणा. त्यांचं मराठी भाजीबाजारात शिकलेलं. लिंगांचा सगळा घोळ. 'माझा वीणा' आणि 'तुमची नवरा'. पण त्यांना कुणी हसत नव्हतं. मी इतकी वर्षं बेळगावात राहून कानडी बोलायला गेले की भाजीवाली तोंडाला पदर लावायची. ह्या बाईनं मात्र चार महिन्यांत सगळी गल्ली खिशात घातली.

एकदा माझा वर्ग चालू असताना त्या कोसंबरीची, म्हणजे त्यांच्याकडच्या भिजवलेल्या डाळीच्या कोशिंबिरीची, वाटी घेऊन आल्या आणि मागं भिंतीशी बसल्या. मीना गात होती. तिचा गंधार पेटीच्या पट्टीपेक्षा केसभर खाली लागत होता. मी पट्टी दाबून धरली आणि म्हटलं, "इथं ये." तिनं आणला. परत खाली गेला. परत पट्टी दाबली. शेवटी पोरीचा चेहरा पडला. मुली उठल्यावर विशालम्मा म्हणाल्या, "टीचर, मुलीचा कान फार चांगली आहे."

"कान चांगला असता तर सूर पट्टीवर आला असता."

"ती पट्टीच्या खाली जाते ना, तिथं पण एक घर आहे. पेटीमधे त्या घराला दार नाही."

हे त्यांनी टोमणा म्हणून म्हटलं असतं तर मी तिथल्या तिथं हिशेब चुकता केला असता. पण त्यांच्या चेहऱ्यावर टोमणा नव्हता. मी म्हटलं, "आमच्याकडे दार असेल तिथूनच आत जातात." त्यावर त्या खळखळून हसल्या, आणि घरी जाऊन यजमानांनाही ते सांगितलं. ह्या बाईशी नीट भांडतासुद्धा यायचं नाही.

आत्याबाईंचं प्रकरण मला जास्त लागलं. मी गायला बसले की त्या पाचव्या मिनिटाला पेंगायच्या. म्हातारं माणूस, म्हणून मी सोडून दिलं होतं. पण विशालम्मांची वीणा सुरू झाली की ह्याच आत्याबाई तांदूळ निवडायचं सूप घेऊन भिंतीपलीकडच्या पायरीवर. डोळे टक्क उघडे. एकदा मला राहवलं नाही.

"माझं गाणं सुरू झालं की झोपता, आणि तिकडं बऱ्या जाग्या राहता."

"तुझं गानं काय वंगाळ न्हाय गं," त्या सुपातला खडा काढून फेकत म्हणाल्या. "पर तुझं कानात ऱ्हातंय. तिचं पोटात जातंय."

"पोटात कोसंबरी जात असेल."

"ती बी जातीया."

गल्लीतल्या एक वकीलवहिनी अधूनमधून माझे कान भरायला यायच्या. त्या दिवसांत गावात बोर्डावरच्या अक्षरांवरनं वाद होते, कुठल्या दुकानावर मराठी आणि कुठल्या दुकानावर कानडी. "आपल्या मुली आता कानडी वाजवणं ऐकायला जातात, तुम्ही काही बोलत नाही?" त्यांनी विचारलं. मला ती संधी घेता आली असती. पण माझं दुखणं निराळं होतं. मला त्यांच्या कानडीचा राग नव्हता. त्या अस्सल सातारी मराठीत वीणा वाजवत्या तरी मी तितकीच जळले असते. वकीलवहिनींना मी चहा दिला आणि विषय बदलला.

मीना बारा वर्षांची झाली त्या वर्षी मी ठरवलं की येत्या दसऱ्याला तिला रीतसर शिकवायला बसवायचं. तोवर ती वर्गात इतर मुलींसारखीच होती. आता नारळ, विडा, पेटीची पूजा, माझ्या गुरुजींच्या फोटोला हार, आणि पहिला राग. खंडेनवमीला मी पेटी पुसून पाटावर मांडली. विशालम्मांकडेही त्या दिवशी वीणा पूजेला असायची. कुंकू लावून, फुलं वाहून ठेवायची आणि तिच्या तारेला दिवसभर बोट लावायचं नाही. दुसऱ्या दिवशी, दसऱ्याला, ज्याला नवं काही शिकायचं त्यानं सुरुवात करायची, अशी त्यांच्याकडची रीत. ही रीत मला माहीत होती. तिचा माझ्या घराशी काही संबंध येईल असं मात्र मला वाटलं नव्हतं.

दसऱ्याच्या संध्याकाळी मीना आपट्याची पानं घेऊन गल्लीत सोनं द्यायला गेली. मी इकडे समई लावून वाट बघत बसले. सगळ्या घरच्या मुली परतल्या, ही नाही. बऱ्याच वेळानं आली. माझ्या पाया पडायला वाकली तेव्हा तिच्या हाताला खोबरेल तेलाचा वास आला. डाव्या हाताच्या दोन बोटांना.

"आई, अम्मांनी मला पहिला धडा दिला."

"कुणाला विचारून?"

"आज्जीला."

आत्याबाई आतून म्हणाल्या, "व्हय, मीच म्हन्लं जा म्हनून. पोरगी काय नंदगडला गेली न्हाय. एका भिंतीपलीकडं तर हाय."

मी त्या दिवशी मीनाला शिकवलं नाही. डोकं दुखतंय म्हणाले. दुसऱ्या दिवशी त्या नारळाच्या वड्या केल्या, आणि त्यातल्या चार आत्याबाईंनी माझ्यासमोर ताटलीत घालून भिंतीपलीकडे पोचवल्या.

त्यानंतर मीनाचे दोन वर्ग सुरू झाले. संध्याकाळी माझ्याकडे गाणं, सकाळी शाळेआधी तिकडे वीणा. सकाळी तिला हाक मारावी लागत नसे. संध्याकाळी दोनदा मारावी लागे. माझ्यासमोर ती शहाण्या मुलीसारखी गायची, सांगितलेलं सगळं करायची, आणि वेळ झाली की उठायची. तिकडून येताना मात्र चालता चालता तिची बोटं हवेत हलत असायची. तारेनं तिच्या कोवळ्या बोटांवर काळसर रेघा पडल्या. त्यांना मी हळद लावली, तेव्हा ती म्हणाली, "अम्मा म्हणतात, रेघा पडायलाच हव्यात." विशालम्मांना दोन मुलगे होते, म्हैसूरला आजोळी राहून कॉलेजात शिकत होते. दोन पोरं असताना ह्या बाईला माझी एक पोर कशाला हवी, असं मी हळद लावता लावता मनात म्हटलं.

आता निपाणीचं सांगते. माझे थोरले भाऊ, अण्णा, तंबाखूचे व्यापारी. दर चैत्रात वहिनी मोठ्या प्रमाणावर चैत्रगौरीचं हळदीकुंकू करायच्या. आंब्याची डाळ, पन्हं, भिजवलेले हरभरे, आणि संध्याकाळी काहीतरी गाणंबजावणं. इतकी वर्षं ते गाणं मीच म्हणत आले होते. त्या वर्षी वहिनींचा निरोप आला, 'तुमच्या शेजारच्या त्या वीणावाल्या बाईंना घेऊन या. मीनानं एवढं सांगितलंय त्यांच्याबद्दल.' माझ्या माहेरात, माझ्या अंगणात, माझ्या वहिनीनं बोलावलं कुणाला, तर हिला. विशालम्मा लगेच तयार झाल्या. मी, मीना, आत्याबाई आणि विशालम्मा, असे सकाळच्या एस.टी.नं निघालो. पेटारा आतल्या सीटवर आडवा घातला होता आणि त्याच्याशेजारी विशालम्मा. आत्याबाई त्याच्याहून लहान जागेत अंग चोरून बसल्या होत्या आणि त्यांची काही तक्रार नव्हती.

निपाणीला पोचलो तेव्हा ऊन रणरणत होतं. घरात बायका, पोरं, हरभऱ्याच्या पराती, सगळा गोंधळ. पेटारा मधल्या खोलीत ठेवला आणि आम्ही जेवायला बसलो. तिकडे पोरं पेटाऱ्याभोवती जमली, कुणी वर बसलं, कुणी कडी हलवू लागलं. अण्णांनी ते बघितलं. अण्णा म्हणजे पाहुण्याच्या वस्तूला जिवापाड जपणारा माणूस. त्यांनी दोन माणसं बोलावली आणि पेटारा उचलून घरामागच्या वखारीत नेला. तंबाखू भरलेल्या बोदांच्या, म्हणजे मोठ्या पोत्यांच्या, थप्पीवर, सगळ्यांत वर, पत्र्याच्या अगदी खाली तो ठेवला आणि वखारीला कुलूप घातलं. त्यांच्या दृष्टीनं गावात त्याहून चांगली जागा नव्हती. तंबाखूचा व्यापारी आयुष्यभर एकाच गोष्टीला भितो, सर्दीला. माल ओलसर लागला की गेला. उन्हाला तो कशाला भिईल? जितकं वर, जितकं कोरडं, तितकं बरं, हे त्यांच्या रक्तात होतं. जेवण झाल्यावर विशालम्मा थोडा वेळ पडल्या. पेटारा सुरक्षित ठेवलाय, एवढंच वहिनींनी त्यांना सांगितलं.

संध्याकाळी अंगण बायकांनी भरलं. अण्णांनी पेटारा आणवला. झाकण उघडलं तसा तंबाखूचा भपकारा आला आणि पुढच्या दोघी शिंकल्या. विशालम्मांनी साडी बाजूला केली आणि त्यांचा हात तिथंच थांबला.

सतारीचे पडदे दोऱ्यानं बांधलेले असतात. ह्या वीणेचे पडदे काळ्या मेणात बसवलेले होते. ते मेण पत्र्याखाली दुपारभर तापून मऊ झालं होतं, कडेनं ओघळलं होतं, आणि पितळेचे पडदे म्हातारीच्या दातांसारखे कुठं कलले, कुठं खचले होते. पेटारा थप्पीवर थोडा तिरका राहिला असणार, कारण वरचे पडदे सगळे एका अंगाला सरकले होते. मीना ओणवी होऊन रडायला लागली. अण्णांनी पेटाऱ्यात वाकून पाहिलं.

"मी कोरड्या जागी ठेवलं ओ, बाई," ते म्हणाले. "एक थेंब सर्द लागू दिली न्हाय."

मी विशालम्मांकडे बघत होते. अशी वेळ त्यांच्यावर यावी असं मी म्हटलं नव्हतं, पण आली तेव्हा मला बघायचं होतं की ही बाई आता काय करते. मी असते तर आकांत केला असता. त्यांनी वीणेच्या कपाळावरनं, त्या सोनेरी तोंडावरनं हात फिरवला.

"ताप आला आहे तिला," त्या म्हणाल्या. मग अण्णांना म्हणाल्या, "अण्णा, तुम्ही जपूनच ठेवला. ती म्हैसूरची आहे ना, तिला ही हवा माहीत नाही." आणि वहिनींकडे वळून, "आंब्याची डाळ आहे ना अजून?"

अंगणात साठ-सत्तर बायका ताटकळलेल्या. वहिनी माझ्याकडे बघायला लागल्या. मी मनात म्हटलं, आता आली आठवण. तेवढ्यात विशालम्मा म्हणाल्या, "टीचर गातील. मी सूर देते. तिचे पडदे आजारी आहेत, तारा नाहीत."

मला नाही म्हणायचं होतं. उरलेलं पान मला वाढलं जात होतं, आणि वाढणारी तीच. पण माहेरच्या अंगणात तोंड फिरवून बसणं मला जमलं नाही. अण्णांच्या घरची जुनी पेटी आणा, असं मी म्हणाले, तर तिचा भाता फाटलेला. विशालम्मा माझ्या मागं वीणा घेऊन बसल्या. त्यांनी विचारलं, "तुमचा सा द्या." मी दिला. माझी पट्टी त्यांच्यापेक्षा किंचित वर होती. त्यांनी एकेक खुंटी पिळून तारा माझ्या 'सा'ला आणून मिळवल्या. त्यात बराच वेळ गेला, पण बायका गप्प बसून राहिल्या. मग त्यांनी पडद्यांना न शिवता नुसत्या मोकळ्या तारा छेडायला सुरुवात केली. सा, प, सा.

मी यमन गायले. पेटीशिवाय मी त्याआधी क्वचितच गायले असेन. गंधाराला आले आणि सवयीनं पट्टी शोधली, तर पट्टी नव्हती. सूर आपला आपण गेला आणि एका जागी जाऊन बसला. ती जागा पेटीच्या थोडी खाली होती. मागच्या तारा त्याच्याबरोबर झणाणल्या. मी तिथं किती वेळ थांबले मला ठाऊक नाही. पुढं मी गौरीची गाणी म्हटली, बायकांनी साथ केली, विडे आले, हळदकुंकू झालं. माझं आयुष्यातलं सगळ्यांत चांगलं गाणं त्या संध्याकाळी झालं, आणि ते कुणाच्या सुरावर झालं हे मला कुणी सांगायची गरज नव्हती. तरी सांगणारे निघालेच. आत्याबाई म्हणाल्या, "आज लई गोड लागलं गं. झोप आली न्हाय मला." मी विरघळणार, तोच पुढं म्हणाल्या, "त्या मागच्या तारांनी जीव आनला."

मीना जवळ आली. डोळे अजून सुजलेले. "आई, तू आज खूप छान गायलीस," ती म्हणाली. एवढ्यावर थांबली असती तर मी तिच्याकडे जन्मभर काही मागितलं नसतं. "अम्मांनी सूर धरला होता ना," ती म्हणाली.

वीणेच्या पडद्यांचं काम आमच्याकडे करणारं कुणी नव्हतं. गावातला सतारवाला बघून म्हणाला, हे मेणाचं काम दक्षिणेतलं, मी हात लावणार नाही. अण्णा दोनदा येऊन गेले, प्रत्येक वेळी मान खाली घालून. शेवटी विशालम्मा स्वतः म्हैसूरला जाऊन ती नीट करून घेऊन आल्या. मधले दीड-दोन महिने शेजारची खिडकी उघडी पण घर मुकं. त्या दिवसांत मीना संध्याकाळी माझ्याकडे मन लावून गाईल असं मला वाटलं होतं. ती गायची, आणि मधेच थांबून भिंतीकडे बघायची. मी पेटीचा भाता जोरानं ओढायची. वीणा परत आली त्या दिवशी आत्याबाईंनी तिच्यावरनं भाकरतुकडा ओवाळून टाकला.

पुढं तीन-चार वर्षं असंच चाललं. मीना मोठी झाली, वीणा चांगली वाजवायला लागली, गाणंही गायची. लोक म्हणायचे, दोन बायांनी घडवलेली पोर. मला त्यातला 'दोन' हा शब्द आवडायचा नाही. विशालम्मांना मात्र तो आवडायचा. 'दोन बायांनी,' त्या हसून मोजून दाखवायच्या, एक बोट माझ्याकडे आणि एक बोट स्वतःकडे. नेहमी माझ्याकडे आधी.

मग बदलीचा हुकूम आला. बंगळूरला. मला बरं वाटलं, असं मी इथं लिहून ठेवते, कारण खरं तेच आहे. वर्ग माझा, गल्ली माझी, आणि मीना माझी. सामान ट्रकनं पुढं गेलं. विशालम्मा आणि साहेब रेल्वेनं निघाले, कारण वीणा त्या ट्रकवर देणार नव्हत्या. सगळी गल्ली स्टेशनवर. आत्याबाई टांग्यातून आल्या होत्या, वाटेत खायला भाकऱ्या आणि लसणाची चटणी घेऊन. त्या विशालम्मांना म्हणाल्या, "तिकडं उन्हात ठिवू नगा गं तिला." विशालम्मा त्यांच्या पाया पडल्या.

गाडी सुटायची वेळ झाली. मीना खिडकीचा गज धरून उभी होती आणि हमसून हमसून रडत होती. ती मला धरून अशी कधी रडली नव्हती, सासरी जाताना पुढं रडली तेसुद्धा ह्याच्या निम्मं. विशालम्मांनी गजातून हात बाहेर काढला आणि तिचा डावा हात धरला. बोटांची टोकं उलटी करून पाहिली. त्या रडत नव्हत्या.

"टीचर," त्यांनी मला हाक मारली. मी पुढं झाले. त्यांनी मीनाचा हात माझ्या हातात दिला. "ह्या मुलीचा गळा तुमचाच आहे. मी फक्त बोटं शिकवली. माझ्यासमोर ती रोज तुमच्यासारखं गाणं गायला बघते, आणि तुमच्यासमोर भिते. म्हणून तिला माझ्याकडे यायला लागलं. आता घ्या."

मीना मान खाली घालून उभी होती, आणि तिनं नाही म्हटलं नाही. इतकी वर्षं भिंतीपलीकडे जे चाललं होतं ते मला कुणी सांगितलं नव्हतं, आणि सांगितलं ते ह्या बाईनं, गाडी सुटताना, सगळ्या गल्लीसमोर. माझी मुलगी माझी होती हे मला त्या बाईच्या तोंडून ऐकावं लागलं, आणि मुलीला तिच्याच हातून परत घ्यावं लागलं. ह्याबद्दल मी विशालम्मांना अजून माफ केलेलं नाही. मी "बरं" म्हणाले.

गाडी हलली. विशालम्मांनी हात हलवला नाही. त्या आत वळल्या होत्या आणि पेटारा सीटच्या कडेला आपटू नये म्हणून त्याच्याखाली आपली शाल घालत होत्या. खिडकीत त्यांची पाठ आणि अंबाड्यातली अबोली तेवढी दिसली. आत्याबाईंनी पदरानं डोळे पुसले आणि घरी चला म्हणाल्या. मी निघाले नाही. मीनाचा हात माझ्या हातात होता, तिनं तो घट्ट धरला होता, आणि गाडी दिसेनाशी झाली तरी ती तिकडेच बघत होती.